कूलरवाल्या मुलास

बेटा,

सलाम आणि खूप दुआ.

आपण भेटलो की हिंदीत बोलतो, तरी हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय. कारण पुढे येईलच.

मे महिन्यात तू माझ्याकडे कूलर बघायला आला होतास. पारा 45 च्या पुढे, आणि कूलर नुसता गरम वारा फेकत होता. तू पंप काढलास, जाळीत अडकलेला ताटीच्या गवताचा बोळा उपटून फेकलास, पाणी चढलं. मग मला समजावलंस, की ताटीचा एक कोपरा जरी वाळका राहिला तरी गरम हवा नेमकी तिथूनच आत शिरते, म्हणून वरच्या नळीची भोकं साफ हवीत. मी गमतीनं विचारलं, मग पावसाळ्यात हाच कूलर का चालत नाही? मान वर न करताच तू म्हणालास, "हवा पहलेसेच गीली रहती न चाचा, और पानी कहाँ पियेगी?"

माझी अख्खी नोकरी यंत्रांत गेली. बाष्पीभवन आणि आर्द्रता इतक्या कमी शब्दांत मला कुणी सांगितली नव्हती.

आणि परवा दहावीचा निकाल लागला, तू पेढे घेऊन आलास. 81 टक्के, गणितात 88. पुढे काय, असं विचारलं तर म्हणालास, "दुकान है न. इंजीनियर-विंजीनियर अपने लोगों का काम नहीं." तुझे अब्बा शेजारी बसले होते, त्यांनी मान हलवली. मी चहा पीत गप्प राहिलो. घरात पाहुणा असताना वाद घालायचा नाही ही आमच्या अम्मीची शिकवण. पण रात्रभर ते "अपने लोगों का" डोक्यात फिरत होतं.

दुकानाला मी कमी लेखत नाही. पत्रा कापून, वाकवून पेटी चौकोनात बसवणं येऱ्यागबाळ्याचं काम नाही. आमच्याही घरी हातमाग होता. 1857 नंतर उत्तरेतून विणकर नागपूर-कामठीला आले, त्यांच्यातलेच आपण मोमीन. कारागिरी तुला वारशातच मिळालीय. तू दुकानात राहायचं ठरवलंस तर मी खुशाल कूलर तुझ्याकडूनच घेईन. पण तू काही ठरवलेलं नाहीस. दुसरं काय असतं तेच कुणी दाखवलं नाही, म्हणून तू तिथे आहेस. हा फरक मला फार मोठा वाटतो.

मी दहावी झालो तेव्हा एका मास्तरांकडे फॉर्म विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, "तुमच्यात तर धंदा असतो ना?" रागानं नाही, अगदी आपुलकीनं म्हणाले. म्हणून तर जास्त लागलं. घरी येऊन मी मागावर बसलो. आमच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्त करणारे काका होते. त्यांनी काही भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सायकलच्या दांड्यावर बसवलं, मोमीनपुऱ्यातून सदरला शासकीय तंत्रनिकेतनात नेलं, खिडकीसमोर उभं केलं आणि म्हणाले, "विचार." मला विचारता येईना, तर त्यांनीच विचारलं. त्या एका फेरीनं माझं आयुष्य बदललं. काका स्वतः सातवीच्या पुढे गेले नव्हते.

देशातल्या मुसलमानांच्या परिस्थितीचा अभ्यास करणाऱ्या न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर 2006 मध्ये आला. त्यात होतं, की देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवीच्या दर 25 विद्यार्थ्यांत एक मुसलमान. लोक यावरून अक्कल, आळस, धर्म अशी काय काय कारणं लावतात. मला त्या आकड्यात ती खिडकी दिसते. ज्या गल्लीतून कुणी गेलंच नाही, तिथल्या पोरानं फॉर्म कधी निघतो हे विचारायचं कुणाला?

आता कामाचं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि मार्क चांगले आले तर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. मी याच रस्त्यानं गेलो. डिप्लोमाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, वेगळी परीक्षा नाही. सरकारी तंत्रनिकेतनाची वर्षाची फी तुझ्या अब्बांच्या एका मोठ्या कूलरच्या आसपास पडते. शिवाय तू शहरातच राहशील. एप्रिल-मेचा सीझन आणि परीक्षा एकमेकांवर आदळतील, तेवढं अब्बांशी मी बोलतो.

दुसरी वाट अकरावी-बारावी सायन्सची. त्यात जेईई किंवा सीईटीचा अभ्यास, आणि क्लासची फी ऐकून तुझी अम्मी ताजबागला मन्नत मागेल. पण ओबीसी मुलांसाठी ही तयारी मोफत करून देणारी महाज्योती नावाची सरकारी संस्था आहे. 2019 ची, मुख्यालय आपल्या नागपुरातच. टॅबसुद्धा देतात. मोमीन महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत, म्हणजे तूही आहेस. हे मागे एकदा सांगितलं तेव्हा तुझ्या अब्बांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लॉटरीचं तिकीट विकतोय.

खरी मेख कागदांत आहे. जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, वडिलांकडच्या नात्यातला पुरावा लागतो. तुझे दादा, म्हणजे अब्बांचे अब्बा, महापालिकेच्या उर्दू शाळेत दोन-तीन वर्षं गेले होते, बरोबर? त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांचं नाव असणार. पंचाईत अशी, की पुष्कळ ठिकाणी जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" लिहून गुरुजी मोकळे झालेत. तसं निघालं तर दादांचे भाऊ, चुलत भाऊ, कुणाच्या तरी नोंदीत "मोमीन" सापडतं का ते बघायचं. मी एका मुलासाठी चार शाळा फिरलोय. चौथीत सापडलं, निळ्या शाईत, पान अर्धं वाळवीनं खाल्लेलं. म्हणून हे आत्ताच करायचं. प्रवेशाच्या आठवड्यात तहसीलला सगळं नागपूर रांगेत असतं.

आणि तुझी आपा. तिची बारावी झालीय आणि घरात तिच्या कॉलेजचा विषयच निघत नाही, हे माझ्या लक्षात आलंय. 2024-25 पासून व्यावसायिक पदवीला ओबीसी मुलींची शिक्षणाची आणि परीक्षेची फी पूर्ण माफ आहे, प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून हवा आणि कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत, एवढंच. तुझ्या दाखल्याची फाइल करायची तर तिचीही त्याच फेरीत करायची. हे मी तुला विचारत नाहीये, सांगतोय.

आता मराठीचं. तू धरमपेठेतल्या गिऱ्हाइकांशी मराठीत भाव करतोस, मी ऐकलंय. "काहून जी, याच्यापेक्षा कमी नाही होत" म्हणताना तुझी जीभ अडखळत नाही. पण फॉर्म मराठीत आला की तो अब्बांकडे सरकवतोस, ते माझ्याकडे आणतात. पुढे पोलिस भरती दे, एमपीएससी दे, नाहीतर साधं तहसीलचं पत्र वाच, सगळीकडे मराठी लागतेच. उर्दू आपल्या घराची, ती सोडायची नाही. पण हे पत्र तू कुणाकडून वाचून घेऊ नकोस. अडलेल्या शब्दांखाली रेघ मार.

एक गोष्ट लपवणार नाही. नावावरून कपाळाला आठ्या पडतील. जालन्याकडचे अन्सार शेख, रिक्षाचालकाचा मुलगा, 21 व्या वर्षी यूपीएससीत 361 वे आले. पुण्यात खोली मिळेना म्हणून त्यांना मित्राचं नाव सांगावं लागलं होतं. आपल्याकडे त्यांचे बॅनर लावतात, खोलीची गोष्ट मात्र कुणी बॅनरवर छापत नाही. मलाही दोन मुलाखतींत असा अनुभव आला. तिसरीत आला नाही, आणि तिथेच मी लागलो. कुणी नकार दिला तर आपण त्याच्याशी भांडू, दुसरीकडे जाऊ. पण अर्ज न भरताच तू स्वतःला जो नकार देऊन बसलायस, त्याच्यावर अपील कुठे करायचं?

रविवारी असरच्या नमाजनंतर ये. ट्रंकेतले सगळे कागद आण, निवडत बसू नकोस. दादांना शाळेचं नाव आणि साधारण साल विचारून ये. ते म्हणतील आठवत नाही. मग त्या वर्षी नाग नदीला पूर आला होता का, गल्लीत वीज आली होती का, असं विचार.

आणि पाना घेऊन ये. डाव्या ताटीखालून अजून पाणी गळतंय.

तुझा,
चाचा