गंजीवरचा थर्मल कॅमेरा: दुसरी पट्टी जोडावी का?

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमधून: कापसाच्या गंजीवर 8 ते 14 मायक्रॉनच्या पट्टीतला, म्हणजे तेवढ्या तरंगलांबीचे उष्णतेचे किरण टिपणारा कॅमेरा आहे. ठिणगी त्यात उशिरा कळते. 3 ते 5 मायक्रॉनचा सोबत लावला तर?

ठिणगीसाठी नक्की उपयोग होईल. 40 अंशांच्या कापसापेक्षा 600 अंशांचा निखारा 10 मायक्रॉनवर सुमारे 23 पट प्रारण सोडतो, तर 4 मायक्रॉनवर सुमारे 1,600 पट. आता लांबून तो निखारा चित्रातल्या एका पिक्सेलचा शंभरावा भागच व्यापतो असं धरा. तुमचा कॅमेरा त्या पिक्सेलला 54 अंश म्हणेल. वैशाखातल्या उन्हात तापलेली गंजीही तेवढं दाखवते, मग इशारा कशाच्या जोरावर द्यायचा? दुसरा कॅमेरा तिथेच 142 अंश दाखवील.

गंजीच्या पोटात धुमसणारी आग मात्र दोघांनाही दिसत नाही. कापूस उष्णता अडवतो आणि कॅमेरा फक्त पृष्ठभाग बघतो. तिथे लांब सळईचा तापमापक खुपसण्याला पर्याय नाही.

त्याच वाचकांचा पुढचा प्रश्न: मग जुना काढून टाकू का?

नको. 3 ते 5 च्या आखूड पट्टीत उन्हाची तिरीप जोरात येते. दुपारी पत्र्यावरची चमक निखाऱ्यासारखी दिसते आणि भोंगा वाजत राहतो. 8 ते 14 च्या लांब पट्टीत ती चमक फार फिकी असते. उलट तोच चकचकीत पत्रा आकाश परावर्तित करून थंड भासतो. म्हणून दोन्ही कॅमेरे ठेवा, पण त्यांची चित्रं एकत्र करताना सरसकट सरासरी काढू नका, त्यात ठिणगीही पुसट होते. आसपासचं चित्र लांब पट्टीतून घ्या, गरम ठिपका आखूड पट्टीतून घ्या, आणि चमकणाऱ्या पत्र्याचा भाग इशाऱ्यातून वगळा.

खर्चाचंही बघा: आखूड पट्टीचा चांगला सेन्सर बहुधा उणे 196 अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागतो, त्याचा कूलर झिजतो.

वणीहून: दोन्ही चित्रं जोडली की कडा दुहेरी दिसतात.

दोन भिंगांमधल्या अंतराचा हा दोष. भिंगं 40 मिमी दूर, फोकल लांबी (साधारण भिंगापासून सेन्सरपर्यंतचं अंतर) 13 मिमी, सेन्सरवरचा एक पिक्सेल 12 मायक्रॉन रुंद असेल, तर 2 मीटरवर चित्र सुमारे 22 पिक्सेल सरकतं, 20 मीटरवर 2, 100 मीटरवर अर्ध्याहून कमी. म्हणजे जुळणी ज्या अंतरावर बघायचं, त्याच अंतरावर करा. टेबलावर जुळवून गंजीवर लावाल तर बिघडणारच. पुठ्ठ्याला 12 भोकं पाडा, मागे थोडं अंतर सोडून तापवलेला तवा धरा. भोकं दोन्ही पट्ट्यांत उजळ दिसतात, त्यांच्यावरून जुळवा. 20 मीटरवर भोकं हाताच्या पंजाएवढी लागतील, आणि तव्याऐवजी तापलेला काळा पत्रा. पुठ्ठा तापू देऊ नका, भोकं पुसट होतात. कॅमेरे आधी 15 मिनिटं चालू ठेवा.

भद्रावतीकडून: उन्हाळ्यात सांजेला शेताच्या धुऱ्यावरचं रानडुक्कर थर्मल कॅमेऱ्यात दिसत नाही. दुसरी पट्टी घेऊ?

त्यासाठी नको. त्या वेळी जमीन आणि जनावराचं अंग जवळपास सारख्याच तापमानाला असतं. पहाटे चारनंतर बघा, जमीन निवलेली असते.