कबर उघडली त्या दिवसापासून विश्वास बसत नाही

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर नमस्कार. माझं माहेर सावंतवाडीचं, लग्न होऊन बार्देशात आले, दोन्हीकडे क्रिस्तांव. मिस्टर जहाजावर होते, सुट्टीवर घरी आलेले असताना हार्ट अटॅकने गेले. आमच्या सिमितेरीत जागा कमी त्यामुळे काही वर्षांनी कबर उघडून हाडं काढतात आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, हे मला माहीत होतं, पण आमची पाळी आली तेव्हा मी स्वतः तिथे उभी होते. पुरताना त्यांच्या हाताला मी रोझरी गुंडाळली होती. तिचे प्लॅस्टिकचे निळे मणी जसेच्या तसे आणि हात कुठे नाहीच, नुसती दोनचार बारीक हाडं मातीत. तेव्हापासून मिसाला विश्वासांगीकार म्हणताना शरीराच्या पुनरुत्थानाची ओळ आली की माझे ओठ मिटतात. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या असलं बोलू नये, पाप लागतं. प्रार्थना ग्रुपमधली एक म्हणाली सैतान डोक्यात घालतो. मुलगी दहावीला आहे, ती विचारते पप्पा परत भेटणार ना, मी हो म्हणते आणि खोटं बोलल्यासारखं वाटतं. काय करू?
– एक वाचक भगिनी, बार्देश

उत्तर: ताई, तुम्ही पाप केलेलं नाही. ज्या माणसाच्या हाताला आपण स्वतः रोझरी गुंडाळली तो हातच नाहीसा झालेला बघून ज्याच्या मनात काहीच हललं नाही त्याची मला जास्त काळजी वाटली असती. ग्रुपमधल्या त्या बाईंचं म्हणणं मनातून काढून टाका, त्यांचा हेतू चांगला असेल पण दुःखात असलेल्या बाईला सैतानाचं नाव सांगून गप्प करणं हे मला अजिबात पटत नाही.

आता शास्त्रात काय आहे ते बघूया. संशय म्हटला की सगळे येशूच्या त्या बिचाऱ्या शिष्याचं, थोमाचं नाव घेतात, जसं काही बाकीच्यांनी ऐकलं आणि लगेच विश्वास ठेवला. तसं नाहीये. बायका पहाटे येशूच्या कबरेकडून धावत आल्या आणि तो उठला असं सांगायला लागल्या तर प्रेषितांना ती बायकांची बडबड वाटली, लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, २४व्या अध्यायात सरळ लिहून ठेवलंय. मत्तयच्या अगदी शेवटी अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर येशूला बघतात, त्याच्या पाया पडतात, आणि त्याच वाक्यात पुढे आहे की काहींना संशय वाटला. समोर उभा आहे, बघतायत, नमस्कार करतायत, तरी संशय! लिहिणाऱ्याला हे गाळता आलं असतं पण त्याने गाळलं नाही, आणि मला तर ह्याच गोष्टीमुळे त्याच्यावर जास्त भरवसा वाटतो.

थोमाच्या गोष्टीत एक बारकी गोष्ट आहे तिच्याकडे लक्ष द्या. तो पहिल्या संध्याकाळी तिथे नव्हता, मग त्याने सांगितलं की खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, आणि येशू परत आला तो आठ दिवसांनी. ह्या आठ दिवसांत थोमा कुठे होता? त्यांच्यातच होता. आठ दिवसांनी तो त्याच घरात त्याच लोकांबरोबर बसलेला सापडतो. म्हणजे दहा जण म्हणतायत आम्ही प्रभूला पाहिलं, एक जण म्हणतोय माझा विश्वास नाही, आणि तरी त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही, तोही रागावून निघून गेला नाही. एकत्र जेवले असतील, एकत्र प्रार्थना केली असेल, आणि तो आपला संशय घेऊन तिथेच बसून राहिला. मला तुम्हाला जे सांगायचंय त्याचा गाभा हाच आहे. संशय घेऊन इगर्जेत बसायला तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्या ओळीला ओठ मिटतात ना, मिटू द्या, शेजारची माणसं ती ओळ म्हणतायत ती तुमच्यासाठीही म्हणतायत असं समजा, पण रविवारी घरी बसू नका. एकटं बसून डोक्यात घोळवलेला संशय वाढतच जातो.

आता हाडांचा प्रश्न, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. शरीरच उरलं नाही तर उठणार काय?

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सन १७७ मध्ये आताच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात रोमन अंमलदारांनी ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारलं, प्रेतं बरेच दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख रोन नदीत लोटून दिली. का, तर ह्यांना परत उठायची आशा आहे ना, मग उठायला काही शिल्लकच ठेवायचं नाही. जे वाचले त्यांनी हे सगळं दुसऱ्या मंडळ्यांना पत्र लिहून कळवलं, ते पत्र आजही वाचायला मिळतं, आणि राख वाहून गेली म्हणून आशा गेली असं त्यांना वाटलेलं दिसत नाही. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने तर जनावरांनी खाल्लेल्या माणसाचं काय, आगीत भस्म झालेल्याचं काय, असे प्रश्न घेऊन पानंच्या पानं लिहिली. आणि आपल्या गोव्यात हे वेगळं सांगायला नको, किती तारवटींना, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांना, समुद्रातच जलसमाधी मिळाली, त्यांच्या घरच्यांकडे कोनाड्यात ठेवायलाही काही नाही, तरी २ नोव्हेंबरला मेलेल्यांच्या सणाला ती माणसं मेणबत्ती लावतातच.

चर्चने कधीच असं शिकवलं नाही की हाडं जपून ठेवली तर देवाला सोपं पडतं. प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय काढा, त्याला हाच प्रश्न विचारला होता, मेलेले कसे उठतात आणि कसल्या शरीराने येतात. तो बीचं उदाहरण देतो. आपण पेरतो तो नुसता दाणा, पुढे होणारं रोप पेरत नाही. तुम्ही बार्देशातल्या, भाताची पेरणी बघितलेली आहे, रोप उपटून मुळाशी बघितलं तर पेरलेला दाणा तसा सापडत नाही, फोलपट असतं फार तर, पण ते रोप त्याच दाण्याचं असतं, दुसऱ्या कुणाचं नसतं. पौलाचं म्हणणं असं की जे मातीत जातं ते नाशवंत आणि जे उठतं ते अविनाशी, पण माणूस तोच.

माणूस तोच हे येशूच्या बाबतीत कसं दाखवलंय बघा. तो उठल्यावर बंद दारांच्या खोलीत येतो, मग्दालीया मरीयेला आधी माळी वाटतो, अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघं शिष्य त्याच्याबरोबर कितीतरी चालतात आणि ओळखत नाहीत, म्हणजे काहीतरी नक्की बदललंय. पण तो भूत नाही, शिष्य घाबरतात तेव्हा तो भाजलेल्या माशाचा तुकडा मागून घेऊन त्यांच्यासमोर खातो. आणि हाताला खिळ्यांच्या खुणा आहेत. नवं शरीर द्यायचंच होतं तर देवाने त्या जखमा पुसून टाकल्या असत्या, पण नाही पुसल्या, त्याच हातांवरून त्याला ओळखलं. तुम्ही ज्या हाताला रोझरी गुंडाळली तो हात ज्या माणसाचा होता त्या माणसाला देव विसरलेला नाही, मी एवढंच धरून आहे आणि मनापासून धरून आहे.

तुम्ही पुराव्याचं विचारलं नाहीत पण कधीतरी रात्री तोही प्रश्न येईल म्हणून लिहितो. पौलाने ते पत्र इसवी सन ५५च्या आसपास लिहिलं, म्हणजे क्रुसावरच्या मरणानंतर वीस-पंचवीस वर्षांत. त्यात तो म्हणतो की येशू पेत्राला दिसला, बारा जणांना दिसला, एकाच वेळी पाचशेहून जास्त जणांना दिसला आणि त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत. म्हणजे जा आणि विचारा! पुढे तो याकोबाचं नाव घेतो. येशू जिवंत असताना त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता असं योहान लिहितो, आणि तोच भाऊ याकोब नंतर यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख होतो आणि इसवी सन ६२ मध्ये त्यासाठी जीव देतो. आणि बायकांची साक्ष. त्या काळच्या यहुदी समाजात बाईच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं, गोष्ट रचायची असती तर कुणी मग्दालीया मरीयेला पहिली साक्षीदार केली नसती. चार शुभवर्तमानांत बारीक फरक आहेत, बायका किती, देवदूत एक का दोन, हे लपवायचं कारण नाही. ह्या सगळ्याने कोर्टात सिद्ध होतं असं मी म्हणत नाही, पण घाबरून दार लावून बसलेल्या माणसांना काहीतरी झालं आणि ती मरायला तयार होऊन बाहेर पडली, ह्याचं दुसरं समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

तर करायचं काय. एक माणूस शोधा ज्याच्यासमोर हे सगळं मोकळेपणी बोलता येईल, तुमचे पाद्री ऐकून घेणारे असतील तर उत्तमच, नसतील तर दुसऱ्या गावचे शोधा, एखादी सिस्टर शोधा. चारही शुभवर्तमानांचे शेवट एका बैठकीत वाचा, तासभर पुरे. आणि प्रार्थना सुचत नसेल तर मार्कच्या ९व्या अध्यायातल्या त्या बापाची प्रार्थना घ्या, त्याचा मुलगा आजारी होता, तो ओरडून म्हणाला माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशूने त्याला आधी पुरता विश्वास ठेव मग ये असं सांगितलं नाही, मुलाला बरं केलं.

मुलीला हो म्हणताना खोटं वाटतं म्हणता. तिला हो म्हणा, आणि पुढे हेही सांगा की आईला कधीकधी हे मानणं जड जातं, तेव्हा आपण दोघी मिळून प्रार्थना करू. दहावीची मुलगी आहे, तिने तुमचे मिटलेले ओठ केव्हाच बघितले असणार.

प्रश्न: मी हिंदू आहे, पण आमच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या ओल्ड गोव्याला जातात, मागच्या शवप्रदर्शनालाही गेलो होतो. गोंयच्या सायबाचं शरीर टिकलंय तेच पुनरुत्थान का? आणि आपल्या पुनर्जन्मात आणि ह्यात फरक काय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: नाही, ते पुनरुत्थान नाही. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ला चीनजवळच्या बेटावर वारले, १५५४ मध्ये शव गोव्यात आलं आणि ते कुजलं नाही म्हणून लोकांची श्रद्धा बसली. पण ते वाळलेलं आहे, उजव्या हाताचा भाग १६१४ मध्येच रोमला नेला. ओल्ड गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये चांदीच्या पेटीत आहेत त्या संतांचे अवशेष, आणि आमच्या विश्वासाप्रमाणे ते स्वतःही बाकी सगळ्यांसारखेच शेवटच्या दिवसाची वाट बघतायत, कोनाड्यातल्या हाडांपेक्षा त्यांचा नंबर आधी लागणार असं काही नाही. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ प्रदर्शन होतं तेव्हा तुमच्यासारखी कितीतरी हिंदू कुटुंबं रांगेत होती, मला ते फार आवडतं.

पुनर्जन्मात आत्मा दुसरं शरीर घेतो आणि परत संसारात येतो, परत मरतो. ख्रिस्ती विश्वासात माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो, आणि मग देव त्यालाच, त्याच्याच शरीरासकट उठवतो, ते परत न मरण्यासाठी. म्हणून लाजरला येशूने कबरेतून बाहेर बोलावलं ती घटना वेगळी धरतात, तो जुन्याच आयुष्यात परत आला आणि पुढे सगळ्यांसारखा त्यालाही मरण होतंच.

प्रश्न: माझ्या भावाला दहन हवंय, कॅथलिक माणसाला चालतं का?
– वास्को

उत्तर: चालतं. चर्चने १९६३ मध्ये परवानगी दिली, १९८३च्या चर्चच्या कायद्यातही आहे, फक्त पुनरुत्थान नाकारायचं म्हणून दहन नको. दफन करावं ही चर्चची पसंती अजून आहे. राख समुद्रात किंवा हवेत सोडायची नाही आणि साधारणपणे घरीही ठेवायची नाही, सिमितेरीत किंवा त्यासाठीच्या पवित्र जागी ठेवायची, हे २०१६ मध्ये स्पष्ट केलं. भावाला सांगा की इच्छा कागदावर लिहून ठेव आणि पाद्रींच्या कानावर घाल, कारण सोय सगळ्या गावांत नसते आणि ऐनवेळी घरात त्यावरून वाद होतात.