लाल पानांचं तोरण आणि हातावरचे फोड: आधी तो वेल कुठला ते बघा

तुमची पोस्ट वाचली आणि २०२३ चा आमचा दसरा जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला. मुलांना घेऊन ट्रेलवरून लाल पानं आणली, दाराला तोरण केलं, आता पानं वळून चुरा होतायत आणि मनगटावर खाजरे फोड उठलेत; पानं चिकटवायला वापरलेल्या ग्लू गनची ॲलर्जी असेल का, असं तुम्ही विचारलंय. पानांचं नंतर बघू, आधी फोडांचं बोलते. मी डॉक्टर नाही आणि तुम्ही फोटोही टाकलेला नाही, त्यामुळे खात्रीने सांगत नाही. पण मला दोष ग्लूचा वाटत नाही.

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. त्या वर्षी अधिक श्रावण होता, म्हणून दसरा २४ ऑक्टोबरला आला आणि झाडांचे रंग ऐन भरात सापडले. आंब्याची पानं दुकानात मिळाली तर मिळतात, तीही कडांना काळी पडलेली. म्हणून आदल्या रविवारी रानाकडेच्या वाटेवर गेलो. मेपलची गळलेली पानं वेचली, तोवर सगळं ठीक होतं. मग एका ओकच्या खोडावर चढलेला वेल दिसला. शेंदरी लाल, तुकतुकीत, एका देठाला तीन पानं आणि मधल्या पानाचा देठ जरा लांब. अगदी बेल! परमुलखात बेल सापडल्याचा मला इतका आनंद झाला की कात्रीने आठ-दहा डहाळ्या कापल्या आणि दर दोन मेपलच्या पानांमागे एक त्रिदळ ओवलं.

तो पॉयझन आयव्ही होता.

आपल्याकडे बिब्बा उतलेला माणूस ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. बिब्बा, काजू, आंबा आणि हा वेल, सगळे एकाच कुळातले. काजूच्या टरफलातल्या तेलाने हात सोलतात, आंब्याच्या चिकाने काहींच्या ओठांना फोड येतात, त्यातलाच हा प्रकार. याच्या तेलाला उरुशिऑल म्हणतात. पान वाळलं तरी ते जात नाही. पुरळ लगेच उठत नाही, बहुतेकांना बारा तासांपासून दोन दिवसांनी उठतं, म्हणून पानांशी संबंध लागत नाही.

आम्हालाही लागला नाही. तिसऱ्या दिवशी एका तातडीच्या दवाखान्यात गेले. दीड तास बसवलं, पाच मिनिटं पाहिलं आणि ढेकूण चावलेत म्हणून सांगितलं. घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुतली, गाद्यांना खोळी आणल्या, ढेकूण शोधायला माणूस बोलावला, त्याचे पैसे वेगळे. आणि या सगळ्या वेळात ते तोरण दारावर होतं. माझी मुलगी येता-जाता त्याला हात लावत होती, तिच्या गालावर उठलं. ‘रानात गेला होतात का?’ एवढं एक वाक्य त्या दवाखान्यात कुणी विचारलं असतं तर पोरीचा तो त्रास वाचला असता. याचा राग मला अजून आहे. शेवटी शेजारच्या आजी दारात आल्या, तोरण पाहून दोन पायऱ्या मागे सरल्या आणि त्यांनीच नाव सांगितलं.

तरी माझी सगळ्यात मोठी चूक याच्या पुढची आहे, आणि त्यासाठीच एवढं लिहितेय. तोरण काढून टाकलं, हात धुतले, पण कात्री तशीच शिवणाच्या डब्यात गेली. दिवाळीच्या आठवड्यात त्याच कात्रीने आकाशकंदिलाचे कागद कापले आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. हे तेल हत्यारांवर महिनोन्महिने टिकतं. त्यामुळे कात्री, बागेतले हातमोजे, बुटांच्या नाड्या, गाडीचं स्टिअरिंग, कुत्रा बरोबर असेल तर त्याचे केस, सगळं भांड्यांच्या साबणाने चोळून धुवा. त्या दिवशीचे कपडे वेगळे, गरम पाण्यात. हात धुताना मात्र पाणी गार आणि नखांखालून. तोरण हातमोजे घालून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि कचऱ्यात टाका. जाळू नका, कधीच नाही. धूर छातीत गेला तर प्रकरण फार वाईट होतं. फोडातल्या पाण्याने पुरळ पसरत नाही, ती भीती सोडा. डोळे-चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास वाटला तर ताबडतोब डॉक्टर गाठा, आणि रानात गेलो होतो हे तुम्ही होऊन सांगा.

आता पानं. गळलेली पण अजून मऊ असलेलीच घ्या, आणि खोडावर चढलेल्या कुठल्याही वेलाला माझ्या मते हातच लावू नये. केशरी बियांचा बिटरस्वीट नावाचा वेल सजावटीला विकत मिळतो तोही नको. त्यातला आशियाई वेल झाडांचा गळा आवळतो आणि पक्षी बिया खाऊन तो रानभर नेतात. पानं त्याच दिवशी पुसून वर्तमानपत्रात, वर जड पुस्तकं, आठवडाभर. पहिले दोन दिवस कागद बदला, नाहीतर डाग पडतात. मग पातेल्यात पाणी, त्यात वाटी, वाटीत मधमाशांचं मेण वितळवून पान देठाला धरून एकदाच बुडवायचं आणि निथळू द्यायचं. मेण थेट आचेवर ठेवू नका. असं पान वळत नाही, रंग महिनाभर तरी राहतो. ग्लू गन लागतच नाही. झेंडूसारखं सुईदोऱ्याने ओवा, फक्त सुई देठ जिथे पानाला मिळतो तिथून घाला, पातळ भागातून घातली तर पान फाटतं. ओकची पानं चिवट असतात, पहिल्यांदा करणाऱ्याने तीच घ्यावीत.

आणि सोनं म्हणून द्यायला रेडबडचं पान बघा, ओळखीच्यांच्या अंगणात झाड असेलच. आपट्यासारखं दुभंगलेलं नसतं, बदामाच्या आकाराचं असतं, पण झाड आपट्याच्या नात्यातलं आहे आणि शरदात पान पिवळंधमक होतं. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरलाच आला, तेव्हा ती अजून हिरवीच होती. आम्ही तशीच वाटली.