जुन्या न्यूजरीलमध्ये क्रिकेटपटू एवढे भराभर का पळतात? तेव्हा खरंच असं खेळायचे का?

नाही, ते तुमच्या-आमच्यासारखेच पळायचे. घाई आहे ती फिल्मची. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ चित्रं टिपली जायची. बोलपट आल्यावर २४ चित्रांचा वेग ठरला. १६ने घेतलेली फिल्म २४ने चालवली की दीडपट वेगाने पळणारच. यूट्यूबवर वेग ०.७५ करा, माणसं बऱ्यापैकी माणसांसारखी चालू लागतील.

मला हे मनापासून सांगावंसं वाटतं, कारण मी रविवारी क्लबच्या सामन्यांत अंपायरिंग करतो आणि माझी सगळ्यात लाडकी जुनी फिल्म एका भट्टावाल्याची आहे (वाकवलेलं कोपर सरळ करत चेंडू फेकतो, तो भट्टावाला). म्हणजे तसा आरोप झालेल्याची. इंग्लंडमधल्या लँकेशायर कौंटीचा वेगवान गोलंदाज आर्थर मोल्ड. जुलै १९०१मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर सॉमरसेटविरुद्ध अंपायर जिम फिलिप्सने त्याला १० षटकांत १६ वेळा नोबॉल दिला. हात वाकवून फेकतो म्हणून! त्याच वर्षी मिचेल आणि केनियन या जोडीने मोल्ड गोलंदाजी करतानाची फिल्म घेतली. समोर बॅट घेऊन लँकेशायरचा जुना कर्णधार ए. एन. हॉर्नबी, वय ५४. मिचेल-केनियनच्या शेकडो निगेटिव्ह पुढे १९९४मध्ये ब्लॅकबर्नच्या एका दुकानाच्या तळघरात, पत्र्याच्या पिंपांत सापडल्या.

मी ती फिल्म एकेक चित्र पुढे सरकवत कितीदा तरी पाहिली आहे. पण हात खांद्याच्या रेषेत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत जेमतेम सेकंदाचा दहावा भाग जातो. १६च्या हिशोबाने त्यात एक-दोनच चित्रं येतात, आणि नेमका हात धूसर. कोपर सरळ झालं की नाही, हे त्यावरून सांगताच येत नाही. फिलिप्स मैदानात उभा होता, त्याने डोळ्यांनी पाहिलं. मी या फिल्मवर कुणालाही दोषी धरणार नाही. मोल्डची कारकीर्द मात्र त्या मोसमात जवळजवळ संपलीच.

वेग कमी करून आणखी एक फिल्म बघा: १८९७ची, इंग्लंडच्या संघाबरोबर गेलेले रणजितसिंहजी सिडनीत नेटमध्ये फलंदाजी करताहेत. वेग कमी न करता नुसती बॅट फिरताना दिसते. सावकाश लावली की मनगटं दिसतात.