पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात दिवसभर उभं राहून पायाच्या फुगलेल्या शिरा ठणकतात, पाय आवळून धरणारे दाबाचे (कॉम्प्रेशन) मोजे घालूनही फरक नाही. काय करावं?

लक्ष्मी रोडवर साड्या दाखवत १० तास उभं राहायचं म्हणजे पोटरीची परीक्षाच. शिरांमधल्या झडपा सैल पडल्या की रक्त वर चढण्याऐवजी खाली साचतं. म्हणून संध्याकाळी पाय जड होतात, ठणकतात, आणि वर घेतले की हलके वाटतात.

मोजे बहुधा उशिरा चढवत असाल. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, सूज नसताना घाला. घोटा आणि पोटरीचं मापही सकाळीच द्या. साधारण २०–३० मिमी पारा (mmHg) दाबाचे, गुडघ्याखालपर्यंतचे बहुतेकांना पुरतात. वरची कड दुमडू नका. ती दोरीसारखी आवळते आणि रक्त आणखी अडतं. मधुमेह असेल तर आधी पायाच्या धमन्या तपासून घ्या, हे टाळू नका.

काउंटरमागे दर अर्ध्या तासाला २० वेळा टाचा उचला, रक्त वर ढकलणारा पंप पोटरीच आहे. घरी पाय छातीपेक्षा उंच, १५ मिनिटं, दिवसातून तीनदा. तरीही दुखलं तर डॉप्लर सोनोग्राफी (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) करा.

एकच पोटरी अचानक सुजून गरम झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा, आत गुठळी असू शकते.