वाचकांचे प्रश्न : हॅमस्टरच्या पिंजऱ्यात वखारीतला भुसा चालेल का?

प्रश्न : मुलीसाठी सिरियन हॅमस्टर आणला आहे. दुकानदाराने सोबत पाइनचा वासाचा भुसा दिला. घराजवळच्या वखारीत भुसा फुकट मिळतो. यांतला कोणता वापरू आणि थर किती जाड घालू? (कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही वापरू नका. वखारीच्या पोत्यात साग, शिसव, प्लायवूड, एमडीएफ असे सगळे एकत्र झाडून भरलेले असते. प्लायवूड आणि एमडीएफच्या गोंदात फॉर्माल्डिहाइड असते, सागाच्या धुळीने तर सुतारांनाही शिंका आणि खाज येते. हॅमस्टरचे नाक दिवसरात्र त्याच अंथरुणात खुपसलेले असते, त्यामुळे पिठासारखी बारीक धूळ थेट त्याच्या फुप्फुसात जाते.

पाइन आणि देवदार यांचा वास म्हणजे त्या लाकडातली उडून जाणारी तेले आणि फिनॉले. त्यांनी श्वासनलिकेचा दाह होतो. अशा अंथरुणामुळे प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या यकृतातील विकरांचे काम बदलते, हे 1967 सालीच दाखवले गेले आहे. भट्टीत वाळवलेल्या पाइनमध्ये ही द्रव्ये बरीच कमी होतात, पण पाकीट उघडताच वास नाकात भरला तर ते परत करा. लव्हेंडर किंवा लिंबाचा सुगंध लावलेले पाकीटही नको.

चांगले पर्याय दोन : अस्पेन लाकडाचे रंध्याने काढलेले पातळ काप, किंवा कागदाच्या लगद्याचे बिनवासाचे, बिनरंगाचे अंथरूण. भाताचे तूस स्वस्त असले तरी टोकदार आणि धुळीचे असते. मक्याच्या कणसाचे दाणेदार अंथरूण ओलसर झाले की बुरशी धरते, शिवाय त्यात बीळ टिकत नाही.

थराबद्दल मात्र तडजोड करू नका. सिरियामध्ये मोजलेली रानटी हॅमस्टरची बिळे 36 ते 106 सेंटिमीटर खोल होती. स्वित्झर्लंडमध्ये 10, 40 आणि 80 सेंटिमीटर थरांवर हॅमस्टर ठेवून पाहिले, तेव्हा 10 सेंटिमीटरवाले सर्वांत जास्त वेळ पिंजऱ्याच्या तारा कुरतडत होते. घरी निदान 25 सेंटिमीटर तरी द्या. 100 × 50 सेंटिमीटरच्या तळाला त्यासाठी दाबून बसवलेले सुमारे 125 लिटर अंथरूण लागते. दुकानातल्या तारेच्या पिंजऱ्याचा ट्रे इतका खोल नसतो, म्हणून काचेची टाकी किंवा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या आणि वर जाळीचे झाकण बसवा.

दोन भाग कापांत एक भाग मऊ वाळके गवत मिसळा आणि पाच-सहा सेंटिमीटरचा एकेक थर तळहाताने दाबत भरा. नुसते काप ओतले तर बोगदा लगेच ढासळतो, गवताच्या काड्या त्याला धरून ठेवतात. भाताचा पेंढा कडक असतो. त्याचे टोक डोळ्याला किंवा गालातल्या पिशवीला लागते, म्हणून तो टाळा. लघवीचा कोपरा दर दोन-तीन दिवसांनी काढा. बाकीचे अंथरूण मात्र महिना-दीड महिन्याने एक तृतीयांशच बदला. एकदम सगळे बदलले की त्याचा स्वतःचा वास नाहीसा होतो आणि तो बेचैन होतो.

प्रश्न : थंडीत घरट्यासाठी कापूस ठेवला तर? (नाशिक)

उत्तर : अजिबात नको, ‘हॅमस्टरसाठी’ असे छापलेल्या पाकिटातला सुद्धा! कापसाचा तंतू पायाला वेटोळे घालतो, रक्त थांबते आणि पाय गमवावा लागतो. गालात कोंबलेला कापूस तिथेच चिकटतो, गिळला तर आतडे तुंबते. काथ्याचे लांब धागेही पायात असेच अडकतात. बिनवासाच्या पांढऱ्या टॉयलेट पेपरच्या पट्ट्या फाडून पिंजऱ्यात ठेवा. त्या उचलून नेऊन घरटे तो स्वतः करेल.

प्रश्न : परसातल्या पेरूच्या फांद्या चालतील का? आणखी कोणती झाडे? (रत्नागिरी)

उत्तर : पेरू उत्तम, तुतीही चांगली. फवारणी न झालेल्या झाडाची अंगठ्याएवढी जाड फांदी घ्या. साबण न लावता गरम पाण्यात ब्रशने घासा आणि कडक उन्हात आठ-दहा दिवस वाळवा. ओव्हन असेल तर शेवटी 100 अंशांवर तासभर ठेवा आणि लक्ष असू द्या. पावसाळ्यात हा उद्योग नको, कोकणातल्या दमट हवेत आतून ओली राहिलेली फांदी बुरशी धरणारच.

कण्हेर, रुई, शेर यांची काडीसुद्धा आत जाता कामा नये, ती विषारी आहेत. आंबा आणि काजूचा चीक दाहक असतो, तेही सोडा. बांबू चालतो, पण कापलेली कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. फर्निचरवाल्याकडचा बांबू कीडनाशकात बुडवलेला असू शकतो, तो घेऊ नका. मालाच्या लाकडी पॅलेटवर ‘एमबी’ शिक्का दिसला तर ते लाकूड मिथाइल ब्रोमाइडच्या धुराने प्रक्रिया केलेले आहे, त्याला हात लावू नका.

करवंटीचे घर बुटक्या जातींना छान होते. आतले खोबरे पूर्ण खरवडा, नाहीतर ते खवट होते. बाहेरचा काथ्या काढा आणि दार पाच सेंटिमीटरचे ठेवा. वाढ झालेल्या सिरियनला मात्र ते लहान पडते. त्याला सात सेंटिमीटरचे दार आणि आत वळायला जागा हवी.

प्रश्न : उन्हाळ्यात गारव्यासाठी काय ठेवावे? वाळू कोणती? (नागपूर)

उत्तर : वाळू नदीची. क्रश सँडचे कण धारदार असतात, आणि चिंचिला या दुसऱ्या पाळीव कुरतडणाऱ्या प्राण्यासाठी विकतात ती बारीक भुकटी श्वासात जाते. वाळू मैद्याच्या चाळणीतून चाळून खाली पडलेली धूळ फेका. वर उरलेली रव्याच्या चाळणीतून काढली की खडे वेगळे होतात. पाणी नितळ येईपर्यंत धुवा, वाळवा, कढईत 20-25 मिनिटे भाजा आणि पूर्ण गार करा. मग वीतभर उंचीवरून ओतून पाहा. धूळ उडाली तर पुन्हा धुवा. पसरट भांड्यात चार सेंटिमीटर थर पुरतो.

गारव्यासाठी कुंभाराकडचे बिनरंगाचे, बिनचकाकीचे मडके आडवे ठेवा आणि शहाबादी फरशीचा तुकडा द्या. पिंजरा घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवा. हॅमस्टरला 18 ते 24 अंश मानवते, तिशीपलीकडे त्याच्या जिवाला धोका असतो. मडके आणि फरशी अंथरुणावर ठेवू नका. तो खालून पोखरतो आणि वजन त्याच्याच अंगावर येते. चार विटांचे पाय थेट टाकीच्या तळावर टेकवून त्यावर फळी ठेवा, आणि मडके व फरशी त्या फळीवर.