चैत्रात काय वाचशील?

वसंतात वाचायचं पुस्तक म्हणजे मुखपृष्ठावर फुलं असलेलं, असं समजू नकोस. वसंतासाठी पुस्तकं निवडायला लागलो, तेव्हा पहिल्या वर्षी मीही तसंच केलं. तीन पुस्तकं अर्ध्यावर पडली.

आपल्याकडे ठाण्यात वसंत येतो तो घामासकट. येऊरच्या जंगलात पळस, पांगारा फुललेला असतो आणि सकाळी अकरानंतर बाहेर पाऊल टाकवत नाही. त्यामुळे पुस्तकही असं हवं, ज्यात ऊन, वास, झाडं खरी आहेत. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' घे. मराठी महिन्यांप्रमाणे एकेक लेख आहे, सुरुवातच चैत्रापासून. पण सलग वाचू नकोस! एक लेख वाचायचा, मग खिडकीतल्या झाडाकडे बघायचं. महिनाभरात पुढचं पान वाचायची घाई आपोआप जाते. भाषा जड वाटली तर मोठ्याने वाच, तिचा ठेका लगेच सापडतो.

गोष्टच हवी असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. ती वसंताची नाही, माणदेशातल्या माळाची आहे, पुढे दुष्काळही येतो. तरी उन्हाळी दुपारी तिच्याइतकं वातावरण दुसरं कशात सापडेल असं मला वाटत नाही.

विकत घेण्याआधी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, १८९३ पासूनचं आहे. कपाटासमोर उभं राहून कुठलीही दोन पानं वाच. जागा डोळ्यांसमोर उभी राहिली नाही तर ठेवून दे, कितीही नावाजलेलं असो.

आणि हो, वाचायची वेळ सकाळी सहाची. तलावपाळीच्या बाकावर तेव्हा जागा मिळते.